पहिल्या बाकावरची जागा

११ जुलै १६७५, शब्बाथ

आमचे पाळक सांगतात, ज्याला लिहिता येतं त्याने रोज आपलं एक तरी पाप लिहून काढावं. आजचं माझं पाप लिहायचं तर थँकफुल हॅलॉकपासून सुरुवात करावी लागेल.

नवं प्रार्थनाघर पुरं झालं. आज शब्बाथाच्या प्रार्थनेआधी पंचांनी बाकांची यादी वाचली. कुणाचा मान किती, वय किती, जमीन किती, हे तोलायला पाच शहाण्या माणसांना महिना लागला. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, आणि बायकोचा बाक नवऱ्याच्या मानाप्रमाणे. पहिल्या बाकावर पाळकीणबाई, गावच्या तुकडीच्या कॅप्टनची म्हातारी आई, आणि ‘एलियाझर हॅलॉक यांच्या बाईसाहेब’. मी माझ्या नावाची वाट बघत राहिले. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. चौथ्यावर, खांबाच्या मागे, ‘जोथम विक्सची बायको’.

बाईसाहेब म्हणे. ही बाईसाहेब बारा वर्षांची असताना माझ्या वडिलांनी तिला चाकरीच्या करारावर घरात आणली. सात वर्षं तिने आमची भांडी घासली, माझे केस विंचरले, माझे जुने झगे घातले. करार संपला त्याच वर्षी गिरणीवाल्या एलियाझरने तिला मागणी घातली. त्याआधी वर्षभर तो या ना त्या निमित्ताने आमच्याकडे येत होता. कशासाठी येतो ते आपल्याला कळतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

आज दोन तास खांबाच्या कडेने मला तिच्या टोपीची मागची बाजू दिसत होती. इस्त्री उत्तम होती. इस्त्री मीच शिकवली तिला.

१३ जुलै

जोथम पिंपाला लोखंडी कडं ठोकत होता. मी म्हटलं, “तुम्ही पंचांकडे जाऊन बोला.”

“काय बोलू? खांब हलवा म्हणू?”

“थट्टा करू नका. माझ्या वडिलांनी समुद्र ओलांडून येऊन हे गाव वसवायला पहिलं झाड तोडलं.”

“वडिलांनी तोडलं. मी पिंपं करतो. पंचांनी माझी पिंपं मोजली, त्यांची झाडं नाही.” मग म्हणाला, “हिटी, मी दोन तास समोरच्या डीकनचं टक्कल बघतो. मी काही तक्रार केली का?”

असल्या माणसाशी काय बोलायचं? माझ्या नवऱ्याला कशाचीच हाव नाही, आणि लोक त्याला साधुत्व म्हणतात. मी त्याला आळस म्हणते. हेही पाप म्हणून लिहून ठेवते.

शेजारची सायलेन्स टारबॉक्स येऊन बसली. आईबापांनी मोठ्या आशेने हिचं नाव ‘मौन’ ठेवलं होतं. “विक्सवहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं,” म्हणाली, आणि तासभर मी मनाला लावून घेण्यासारखं जे जे होतं ते सगळं सांगून गेली. थँकफुलने पडद्याला निळं कापड आणलं आहे.

६ ऑगस्ट

बाकांची गोष्ट बाजूला पडली. इथल्या मूळ टोळ्यांच्या मेटाकॉम नावाच्या सरदाराने, ज्याला आपले लोक राजा फिलिप म्हणतात, जूनमध्ये समुद्राकडच्या गावांवर हल्ले केले. आता इकडची निपमक टोळीही त्याला मिळाली. पश्चिमेकडचं एक गाव परवा जाळलं. जोथम म्हणतो, “आपली डुकरं तीन वर्षं त्यांच्या मक्यात चरली. पंचांनी एकदाही कुंपण घालायला लावलं नाही.” मी म्हटलं, असल्या दिवसांत त्यांची बाजू घेऊ नका, लोक ऐकतात.

कॅप्टनने हुकूम काढला आहे. गावातली तीन भक्कम घरं गढ्या करायची, भोवती ओंडक्यांचं कुंपण घालायचं. नगारा वाजला की प्रत्येक कुटुंबाने नेमून दिलेल्या गढीत जायचं. आमची गढी कोणती असेल? हॅलॉकांचं घर. मी यादी दोनदा वाचून घेतली.

९ ऑगस्ट

काल शब्बाथाच्या दिवशी प्रार्थना चालू असतानाच नगारा वाजला. आम्ही सगळे धावत हॅलॉकांकडे गेलो. अकरा कुटुंबं, कोंबड्या, एक वासरू. टॅबिथा, माझी आठ वर्षांची मुलगी, आपली चिंध्यांची बाहुली काखेत घट्ट धरून होती.

थँकफुल दारातच उभी होती. “हिटी, तू आणि टॅबिथा माझ्या पलंगावर झोपा. आम्ही दोघं खाली पडू.”

अकरा कुटुंबांसमोर. पिसांची गादी, पलंगाखालून बाहेर ओढायचा छोटा पलंग, निळे पडदे. म्हणजे सगळ्यांनी बघावं, मालकाची मुलगी आता कुणाच्या दयेवर आहे. मी म्हटलं, “जमीन पुरे आम्हाला.” ती टॅबिथाला तेवढी घेऊन गेली आणि मुलगी तिच्या कुशीत झोपली. मी फरशीवर पडून छताकडे बघत होते. पलीकडे एलियाझर घोरत होता. एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं, तो घोरतो.

सकाळी हल्ला नाही, काही नाही. कुणाची तरी गाय रानात हिंडत होती. थँकफुलने मक्याची लापशी सगळ्यांना वाढली, मला पहिली. पळी हातात धरायची तिची रीत अजून आमच्या स्वयंपाकघरातलीच आहे.

२३ ऑगस्ट

जोथम आज तुकडीबरोबर गेला. वरच्या गावांतलं धान्य गाड्यांतून आणायचं, त्याच्या पहाऱ्यावर. जाताना म्हणाला, “नगारा वाजला की मुकाट्याने जा. तुझं नाक घरी ठेव आणि जा.”

मी त्याला गरम मोजे दिले. तो वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मला रडू आलं. त्याच्यासाठी मला रडू येतं, हे बघून बरं वाटलं.

३० ऑगस्ट

आठवड्यात तीनदा नगारा. तीनदा खोटा. तीनदा मी हातात गाठोडं घेऊन तिच्या दाराशी. तिसऱ्यांदा तर कॅप्टनची म्हातारी आई म्हणाली, “आली का तुझी विक्सांची बाई, थँकफुल? हिला कोपऱ्यातली जागा दे, हिची मुलगी शांत आहे.” थँकफुलची विक्सांची बाई. मी.

आणि थँकफुलने मला विचारलं, “हिटी, शेंगा तू शिजवतेस का? तुझ्यासारख्या मला कधी जमल्या नाहीत.” सगळ्या बायका ऐकत होत्या. तिच्या चुलीवर मी रांधायचं, एवढंच राहिलं होतं. मी म्हटलं, माझा हात भाजला आहे. भाजला नव्हता.

१ सप्टेंबर

आज दुपारी पुन्हा नगारा. मी गेले नाही.

सायलेन्स टारबॉक्स दारावरून हाका मारत होती. मी खिडकीतून सांगितलं, टॅबिथाला ताप आहे, हलवता येत नाही. टॅबिथाला पलंगावर निजवलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. ती म्हणाली, “आई, मी आजारी आहे का?”

“आज आहेस.”

“कधीपर्यंत?”

“नगारा थांबेपर्यंत.”

तासाभराने सगळे परत आले. पुन्हा काहीच नव्हतं. आपल्या घरात, आपल्या चुलीपाशी बसून मी सूत कातलं. महिन्यात एवढं चांगलं सूत निघालं नव्हतं. संध्याकाळी थँकफुलने मुलीसाठी कोंबडीचं सार पाठवलं. मी ते डुकराला घातलं.

१२ सप्टेंबर, शब्बाथ

दहा दिवस लिहिलं नाही. आता क्रमाने लिहिते.

तीन तारखेला सकाळी, उजाडल्यावर थोड्याच वेळात, नगारा वाजला. मी सायलेन्सला तेच सांगितलं. ताप. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पळाली. टॅबिथा आपली आपण पलंगावर जाऊन पडली, फडकंही तिनेच घेतलं.

अर्ध्या तासाने एलियाझर बैलगाडी घेऊन दारात आला. गाडीत पिसांची गादी होती.

“थँकफुल म्हणाली, मुलीला यावर निजवून आण. चल, मेहिटेबल.” हिटी नाही, माझं पूर्ण नाव.

मी म्हटलं, “बाईसाहेबांना सांगा, विक्सांच्या घराला दार आहे, आणि दाराला कडीही आहे.”

तो हसला. “हे मी सांगितलं तर मला जेवण मिळणार नाही. चल गं, तुझ्या पाया पडतो.”

मी त्याला उभं ठेवलं. किती वेळ, हे मी प्रामाणिकपणे लिहायला बसले आहे, तर लिहिते. गाठोडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. धुतलेली टोपी शोधली, ती घातली. तो दाराशी उभा राहून माझ्याशी बोलत होता, आणि पंधरा वर्षांत तो माझ्याशी एवढं बोलला नव्हता. मला घाई नव्हती. एवढं लिहून पुरे.

शेवटी त्याने स्वतःच टॅबिथाला उचललं. सफरचंदांच्या बागेपाशी आलो आणि गोळ्या सुटल्या. एक बैल खाली बसला. एलियाझरने मुलगी माझ्या हातात फेकल्यासारखी दिली आणि म्हणाला, “पळ.” तो गाडीच्या आड बंदूक घेऊन राहिला. मी मागे बघितलं नाही. कुंपणाचं दार थँकफुलने उघडलं. तिने टॅबिथाला माझ्याकडून घेतलं, तिचं डोकं आपल्या मानेशी दाबून धरलं, आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिली. मग पुरुषांनी दार लावून घेतलं.

दुपारपर्यंत हल्ला करणारे निघून गेले. गावातली चार माणसं मेली, नऊ घरं जळली. आमचंही जळलं.

आज पाळकांनी प्रवचनात सांगितलं, एलियाझर हॅलॉकने तापाने फणफणलेल्या परक्या लेकरासाठी प्राण दिला. सगळ्या बायका रडल्या. मीही रडत होते, पण मला सांभाळून रडावं लागलं. रडायचा हक्क थँकफुलचा. तिच्याभोवती सगळ्या गोळा झाल्या होत्या, कुणी हात धरला, कुणी पाणी दिलं. माझं घर जळलं, मला कुणी विचारलं नाही. आणि दुसरं जे गेलं त्याला तर नावही देता येत नाही.

२० सप्टेंबर

जोथम सुखरूप परतला. आमचं घर नाही, म्हणून आम्ही थँकफुलकडेच राहतो. जोथमने गिरणी चालवायला घेतली आहे. ती म्हणाली, “राहा हवं तितके दिवस.” ज्या पलंगावर मी झोपायला नाही म्हटलं होतं, त्यावर आता आम्ही झोपतो. ती खाली झोपते.

रोज सकाळी सगळ्यांसमोर विचारते, “हिटी, टॅबिथाचा ताप कसा आहे?” मी म्हणते, बरा आहे. किती मऊ आवाजात विचारते. एवढी माया माझ्याच्याने झाली नसती, आणि हेच मला तिच्यात सहन होत नाही. दुःखातसुद्धा ती माझ्यापेक्षा चांगली दिसते.

२ ऑक्टोबर

टॅबिथा अंगणात दोरीवरून उड्या मारत होती. थँकफुल बाहेर आली तशी मुलगी थांबली आणि खोकली. रात्री मला म्हणाली, “आई, मी अजून आजारी आहे का?” मी म्हटलं, आता नाहीस, पण कुणाला सांगायचं नाही. म्हणाली, “थँकफुलमावशीलाही नाही?” मी म्हटलं, तिला तर मुळीच नाही. ती तोंडावर पांघरूण घेऊन झोपली.

९ नोव्हेंबर

पंच आले होते. मेलेल्यांच्या जागा रिकाम्या, म्हणून बाक पुन्हा लावायचे आहेत. थँकफुल आता विधवांच्या बाकावर बसणार, दाराजवळ, सगळ्यांच्या मागे. गावची रीत आहे. आणि तिच्या जागी पहिल्या बाकावर, पाळकीणबाईंच्या शेजारी, मी. जोथम गिरणी चालवतो, तुकडीत होता, आमचं घर गेलं, हे सगळं धरलं असावं. माझे वडीलही अखेर कुणाला तरी आठवले असतील.

मला आनंद झाला. लपवून काय करू, झाला. मी स्वयंपाकघरात गेले आणि टोपीला खळ घातली. जोथम म्हणाला, “तुला बसवेल तिथे?” मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय.

१४ नोव्हेंबर, शब्बाथ

बसले. पाळकीणबाईंनी झगा आवरून मला जागा दिली. तिथून प्रवचन स्पष्ट ऐकू येतं. पुढे कुणाचीच टोपी दिसत नाही.

१७ नोव्हेंबर

पाळकांनी बोलावलं होतं. येत्या शब्बाथाला गावावरचं संकट टळल्याबद्दल आभार मानायचे आहेत. ज्याच्यावर देवाने विशेष कृपा केली त्याने चिठ्ठी लिहून द्यायची, ती सगळ्यांसमोर वाचली जाते. म्हणाले, “विक्सवहिनी, टॅबिथा तापातून उठली, त्याची चिठ्ठी तुमची सगळ्यांत आधी हवी.”

माणसांना सांगितलं ते सांगितलं. आता ते कागदावर लिहून देवाच्या घरात त्यालाच वाचून दाखवायचं. मी कागद घेतला आणि माझा हात चालेना. तीन वेळा ‘परमेश्वराने माझ्या मुलीचा’ इथपर्यंत लिहिलं.

१८ नोव्हेंबर

आज सांगून टाकलं.

थँकफुल शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, टॅबिथाला त्या दिवशी ताप नव्हता.

तिने मान वर केली नाही. “माहीत आहे.”

“कुणी सांगितलं? टॅबिथाने?”

“लेकराला कशाला विचारू? दारातच मी तिला घेतलं ना तुझ्याकडून. तिचं कपाळ माझ्या मानेला लागलं. थंडगार होतं.”

म्हणजे तेव्हापासून. एलियाझर रस्त्यावर होता तेव्हापासून. मी म्हटलं, “मग रोज मला का विचारत होतीस?”

“तू कधी सांगतेस ते बघत होते. अडीच महिने लागले तुला.”

मी खाली बसले. म्हटलं, मी शब्बाथाला उभी राहते, सगळ्यांसमोर कबूल करते, पंचांनी काय शिक्षा द्यायची ती देऊ दे.

तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं. “तू काही कबूल करायचं नाहीस. माझा नवरा आजारी लेकरासाठी गेला, असं सगळं गाव म्हणतं. मेहिटेबल विक्सच्या नाकासाठी गेला, असं मी म्हणू देणार नाही. चिठ्ठी लिही. चांगल्या अक्षरात लिही. तुझ्या वडिलांनी तुला शिकवलंय, मला नाही.”

“तू मला माफ केलंस का?” मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

“नाही.” मग म्हणाली, “तुला वाटलं, तो बाक तुला जोथमच्या पिंपांमुळे मिळाला? पंच मला विचारायला आले होते, तुमच्या जागी कोण बसावं. मी तुझं नाव सांगितलं. तू पहिल्यापासून मागत होतीस ना माझं सगळं. माझं होण्याआधीच आपलं म्हणत होतीस. एलियाझरलासुद्धा.”

तिला कसं कळलं? मी कधी कुणाला बोलले नव्हते. या वहीतसुद्धा नीट लिहिलेलं नाही.

“आता तिथे बस,” ती म्हणाली. “दर शब्बाथाला बस. मी मागून बघत जाईन.”

आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मीही बसले आणि सोलू लागले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. तिच्या शेंगा माझ्यापेक्षा भराभर होत होत्या.

२१ नोव्हेंबर, शब्बाथ

माझी चिठ्ठी सगळ्यांत आधी वाचली गेली. ‘परमेश्वराने माझ्या मुलीचा ताप उतरवला आणि तिला मरणातून परत दिलं, त्याबद्दल मेहिटेबल विक्स त्याचे आभार मानते.’ टॅबिथा माझ्या शेजारी हात जोडून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते. दाराकडून वारा येत होता. मी मागे वळून बघितलं नाही, पहिल्या बाकावरच्या बाईने वळायचं नसतं.

बाहेर पडताना थँकफुल पायरीशी उभी होती, काळ्या झग्यात. पाळकीणबाई, कॅप्टनची आई, सायलेन्स टारबॉक्स, सगळ्या जवळच होत्या. तिने टॅबिथाच्या कपाळाला हात लावला, सगळ्यांना दिसेल असा, आणि मला विचारलं, “उतरला ना ताप पुरता, बाईसाहेब?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “उतरला. देवाची कृपा.”